दार उघडायचं, पण किती दिवस?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून):

ठाणे जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घर वन बीएचके, माणसं पाच: त्या, मिस्टर, सासूबाई, नोकरी शोधणारा मुलगा आणि बारावीतली मुलगी. गेल्या वर्षी त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलमधल्या इब्री १३:२ वर उपदेश झाला: अतिथिप्रेम विसरू नका, कारण कित्येकांनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला आहे. पुढच्याच रविवारी बाहेरगावचा एक ‘सेवक’ उपासनेला आला, राहायची सोय नाही म्हणाला, आणि ताईंनी त्याला घरी नेलं. दोन-तीन दिवस म्हणता म्हणता तो २२ दिवस राहिला. जाताना आईच्या ऑपरेशनसाठी १८,००० रुपये उसने घेऊन गेला. शेवटच्या रात्री डोक्यावर हात ठेवून त्याने सांगितलं: सारफथच्या विधवेसारखं तुम्ही देवाच्या माणसाला जेवू घातलंत, वर्षाच्या आत मुलाला नोकरी लागेल, या घरातलं मडकं रिकामं होणार नाही. आठवड्याभरात त्याचा फोन बंद झाला. मुलाला नोकरी लागली नाहीच, उलट मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झाला. आता पाळकसाहेबांनी विचारलं आहे, की यवतमाळकडचं एक जोडपं येतंय, नवऱ्याला घशाचा कॅन्सर आहे, परळला टाटा रुग्णालयात रेडिएशन घ्यायचं आहे, तर ‘थोडे दिवस’ ठेवून घ्याल का? मिस्टर म्हणतात, पुन्हा अनोळखी माणूस घरात नको. सासूबाईंना आजार लागण्याची भीती. ताई विचारतात: “नाही म्हटलं तर देवावर विश्वास नाही असं होईल का? आणि ते अभिवचन पूर्ण का झालं नाही? मी मनातून कुरकुरत होते म्हणून?”

ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत छोटा आहे, पण तोच तुम्हाला जास्त सलतोय असं पत्रावरून दिसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पेत्राने आशिया मायनरमधल्या मंडळ्यांना लिहिलं, की कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा (१ पेत्र ४:९). हे मुद्दाम लिहावं लागलं, म्हणजे पाहुणा झोपल्यावर तिथल्या घरांतही कुजबुज होतच असणार. कुरकुर सोडा, एवढंच तो सांगतो. कुरकुर केलीत तर देव दिलेला शब्द मागे घेईल, असं कुठेही म्हणत नाही. अब्राहामाच्या बायकोचं, साराचंच बघा ना. म्हातारपणी मुलगा होईल या अभिवचनाला ती तंबूच्या दाराआडून चक्क हसली, आणि वर “मी हसले नाही” म्हणून नाकबूलही झाली (उत्पत्ति १८:१२-१५). इसहाक तरी जन्मलाच, आणि सांगितल्या वेळी जन्मला. साराच्या हसण्याने जे अडलं नाही ते तुमच्या मनातल्या चार शब्दांनी अडेल, हे काही पटत नाही. पाच माणसांच्या घरात सहावं माणूस २२ दिवस, पहाटे पाणी भरण्यापासून रात्री हॉलमध्ये अंथरूण घालण्यापर्यंत सगळं तुमच्या आणि मुलीच्या अंगावर. त्यात मनात काही आलं असेल तर तो थकवा होता. त्याला पापाच्या यादीत घालू नका.

आता त्या ‘अभिवचना’कडे वळू. पवित्र शास्त्रातलं अभिवचन हातात घेतलं की आधी बघायचं: ते कोणाला दिलं, कशासाठी दिलं आणि कुठवर लागू आहे. सारफथची गोष्ट (१ राजे १७) या कसोटीवर वाचून बघा. विधवा सीदोनच्या मुलखातली, परक्या देशातली. दुष्काळात एलीया संदेष्टा तिच्याकडे आला तेव्हा घरात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल. ती दोन काटक्या वेचत होती, शेवटची भाकर करून पोरासह खाऊन मरायच्या तयारीने. तिला मिळालेल्या शब्दाला मुदत होती: परमेश्वर भूमीवर पाऊस पाठवील त्या दिवसापर्यंत पीठ सरणार नाही, तेल आटणार नाही. दुष्काळ संपेपर्यंतची ती सोय होती, आणि ती एका घराची होती. नासरेथच्या सभास्थानात येशूनेच हे स्पष्ट केलं: त्या साडेतीन वर्षांत इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, पण एलीयाला त्यांच्यापैकी एकीकडेही पाठवलं नव्हतं (लूक ४:२५-२६). शिवाय मडकं भरलेलं असतानाच त्या बाईचा मुलगा गेला. तो पुन्हा उठला खरा, पण मधले ते तास तिने भोगलेच. म्हणजे ज्या घराला अभिवचन थेट मिळालं, त्या घरातही ‘आता काही वाईट होणार नाही’ अशी हमी नव्हती.

आणि एक फरक तुमच्या पाहुण्याने सोयीस्करपणे वगळला. एलीया तिच्याकडे पुष्कळ दिवस राहिला हे खरं, पण त्या दिवसांत त्याच्या भाकरीचा भार तिच्यावर नव्हता. पीठ सरत नव्हतं, त्यातच तिघंही जेवत होते. तुमच्याकडे पीठ सरत होतं आणि गिरणीतून तुम्हीच दळून आणत होता. एलीयाने पाणी मागितलं, लहानशी भाकर मागितली. पैसे मागितल्याचा उल्लेख नाही.

देवाच्या नावाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट देवाची नसते, हे शास्त्र स्वतःच सांगतं, आणि तेही एका जेवणाच्या गोष्टीतून. १ राजे १३ उघडा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला बेथेलात खाऊ-पिऊ नकोस अशी आज्ञा होती. बेथेलातला एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठून म्हणाला, मीही संदेष्टाच आहे, तुला घरी जेवायला आणावं असं मला देवदूताने सांगितलं. खोटं होतं. त्याने विश्वास ठेवला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. देवदूताचं नाव निघालं म्हणून त्याने शहानिशा सोडून दिली होती. तेव्हा तुम्ही विचारता ते अभिवचन पूर्ण का झालं नाही, तर ते देवाने दिलेलंच नव्हतं म्हणून. तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून नव्हे. मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना जरूर करा. पण “वर्ष संपायला इतके महिने उरले” हा हिशेब आजपासून बंद. त्या पोरालाही तो हिशेब घरात रोज ऐकू येत असणार, आणि मुलाखतीला जाताना हे ओझं त्याच्या कामाचं नाही.

मग पाहुणचार केला की देव काही देतच नाही का? इथे आपल्या मंडळ्यांमधली एक जुनी समजूत जरा तपासायला हवी. अब्राहामाची गोष्ट आपण अशी सांगतो: त्याने तिघा अनोळखी माणसांना जेवू घातलं, म्हणून त्याला मुलगा मिळाला. पण आधीचा अध्याय वाचा. सतराव्या अध्यायात, अब्राहाम ९९ वर्षांचा असताना, देवाने मुलाचं नाव इसहाक हेही सांगून टाकलं आहे आणि पुढच्या वर्षी याच वेळी होईल हेही. संततीचा मूळ शब्द तर त्याहून कितीतरी आधीचा. हारान सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. एलोन झाडांखाली पाहुणे आले ते यानंतर. अभिवचन आधी, पाहुणचार मागून. पाहुण्यांनी तीच गोष्ट पुन्हा बोलून दाखवली, या वेळी साराच्या कानावर पडेल अशी.

त्या जेवणाचा घाटही लक्षात घ्या. अब्राहाम म्हणाला “थोडी भाकर आणतो”, आणि साराला मळायला सांगितलं तीन मापं सपीठ. आजच्या मापात ते वीस लिटरच्या वर, म्हणजे निदान बारा किलो. पोळीला ३५ ग्रॅम धरले तरी तीनशेवर पोळ्या, तिघा पाहुण्यांसाठी! (साराला आधी विचारलं होतं का, याचा उल्लेख नाही. उपदेशातही कोणी तो विषय काढत नाही.) पण हा माणूस घरात जन्मलेले ३१८ कसलेले लोक बाळगणारा होता, गुरंढोरं, तंबू सगळं असलेला. सारफथच्या विधवेने एक लहान भाकर दिली. शूनेमच्या सधन बाईने अलीशा संदेष्ट्यासाठी गच्चीवर एक खोलीच बांधली आणि तीत चार वस्तू ठेवल्या: पलंग, मेज, बसायला खुर्ची आणि दिवा (२ राजे ४:१०). ज्याच्याकडे जे होतं त्यातून त्याने दिलं. तुमच्याकडे वन बीएचके आहे.

शूनेमकरणीबद्दल अजून एक. अलीशाने तिला विचारलं, तुझ्यासाठी काय करू, राजाकडे शब्द टाकू का? ती म्हणाली, मी आपल्या लोकांत राहते आहे. म्हणजे काही नको. तिने मोबदल्यासाठी खोली बांधलीच नव्हती. आणि तिची गोष्ट मुलगा मिळाला तिथे संपत नाही. मुलगा दगावला, पुन्हा जिवंत झाला. पुढे दुष्काळामुळे तिला सात वर्षं पलिष्ट्यांच्या देशात काढावी लागली, आणि परत आल्यावर स्वतःचं घर आणि शेत मिळवायला राजापुढे गाऱ्हाणं घालावं लागलं (२ राजे ८:१-६). संदेष्ट्याला घर देणाऱ्या बाईलाच घरासाठी अर्ज करावा लागला. ओव्हरटाइम बंद होणं ही तुमच्या पाहुणचाराला मिळालेली शिक्षा नाही.

आता तुमचा उपदेशाचा अध्याय, इब्री १३. मंडळीत दुसरी ओवी वाचून थांबले असतील. बहुतेक ठिकाणी तसंच होतं. तुम्ही सहाव्यापर्यंत वाचा. आधी बंधुप्रेम, मग अतिथिप्रेम, मग बंदिवानांची आठवण, मग विवाहाचा मान, मग द्रव्यलोभापासून दूर राहणं, आणि त्याच दमात अभिवचन: मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही. मोशेने यार्देनेच्या पलीकडे इस्राएलाला आणि देवाने यहोशवाला दिलेला हा शब्द आहे. इब्री पत्राचा लेखक तो ज्यांना सांगतो त्यांची मालमत्ता लुटली गेली होती (इब्री १०:३४). तर त्या अध्यायातलं खरं अभिवचन हे आहे. देवदूत येतील हे नव्हे, मडकं भरेल हेही नव्हे; मी टाकणार नाही. आणि ते तुम्हाला आधीच मिळालेलं आहे, तुम्ही या जोडप्याला हो म्हणा किंवा नाही म्हणा. पाहुणचार त्या शब्दाच्या आधाराने करायचा असतो, तो शब्द विकत घेण्यासाठी नाही. येशूनेही जेवणाला कोणाला बोलवा हे सांगताना मुद्दाम परतफेड न करू शकणाऱ्यांची यादी दिली आणि हिशेब पुनरुत्थानावर टाकला (लूक १४:१२-१४). पुढच्या आर्थिक वर्षावर टाकला नाही.

“विश्वास असेल तर दार उघडाल” असं कोणी म्हणालं, तर मत्तय ४ आठवा. मंदिराच्या शिरोभागावर उभं करून सैतानाने ९१ वं स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं: देवदूत तुला हातांवर झेलतील, मार उडी. वचन खरं होतं, वापर खोटा होता. येशूने उडी मारली नाही, आणि त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही.

मर्यादा घालणं हे पहिल्या मंडळ्यांना चांगलं ठाऊक होतं. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचा एक फार जुना ग्रंथ आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातला. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याची हस्तलिखित प्रत सापडली. तो शास्त्राचा भाग नाही, पण त्या काळी घरं कशी चालवत हे त्यातून कळतं. फिरता प्रेषित आला तर प्रभूसारखं त्याचं स्वागत करा. त्याने एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. साधा वाटसरू असेल तर दोन किंवा तीन दिवस मदत करा; कायमचं राहायचं असेल तर त्याने काम करून खावं. आपल्याकडे आजी म्हणायच्या ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अगदी तेच. तुमचा पाहुणा वाटसरूच्या नियमाने धरलं तरी १९ दिवस जास्त राहिला आणि वर १८,००० घेऊन गेला.

आणि उलट टोकाला अब्राहामाचा पुतण्या लोट. पाहुण्यांना वाचवण्यासाठी त्याने स्वतःच्या मुली जमावापुढे करायची तयारी दाखवली (उत्पत्ति १९:८). ते प्रसंगाने टळलं, आणि टाळलं ते पाहुण्यांनीच. हा कित्ता गिरवायचा नाही. बारावीतली मुलगी ज्या घरात आहे तिथे एकट्या अनोळखी पुरुषाला मुक्कामाला न ठेवणं यात अविश्वास कसला? मिस्टर “नको” म्हणतात त्यात हीच काळजी असेल, तर ती बोलून मोकळी करा.

आता यवतमाळच्या जोडप्याबद्दल. हा प्रसंग मागच्यापेक्षा पूर्ण वेगळा आहे: पाळकसाहेब ओळखतात, नवरा-बायको दोघं आहेत, गरज कागदावर तपासता येते. पण ‘थोडे दिवस’ या शब्दांवर जाऊ नका. घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन साधारण ३० ते ३५ वेळा देतात, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे सहा ते सात आठवडे, आणि बरेचदा सोबत आठवड्याला एक केमो. तुम्हाला चार दिवस वाटत असतील आणि त्यांना दोन महिने, तर पंधराव्या दिवशी दोन्हीकडे मनं कडू होणार. मागच्या वेळी बिघडलं ते माणूस खोटा होता म्हणून, पण मुदत ठरली नव्हती हेही कारण होतंच. माणूस खरा असला तरी बिनमुदतीचा मुक्काम नासतो.

माझं मत विचाराल तर: पूर्ण सात आठवडे घेऊ नका. पहिल्या चार रात्री घ्या. नवख्या माणसाला मुंबईत सगळ्यात अवघड जातात ते हेच पहिले दिवस: फाइल, तपासण्या, मशीनची तारीख, कुठे कशाची रांग. तेवढ्यात पुढची सोय लावता येते. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करना पहिल्याच दिवशी भेटायला सांगा. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी रुग्णालयाची फाइल आणि ओळखपत्र लागतं आणि जागेसाठी थांबावं लागू शकतं, म्हणून नाव आधीच घालायचं. पाळकसाहेबांनी त्यांच्या फाइलचा फोटो मागवून आजच चौकशी सुरू केली तर निम्मं काम झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार गावाहून निघतानाच पिशवीत हवं. मागाहून मागवण्यात आठवडा जातो.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला स्वतःच्या घरी नेलं नव्हतं. उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेवाल्याच्या हातात ठेवून निघाला आणि जास्त लागलं तर परतताना देईन म्हणाला (लूक १०:३४-३५). एक रात्र, ठरावीक रक्कम, पुन्हा येण्याचा शब्द. घर न देताही पाहुणचार होतो याचा यापेक्षा स्पष्ट दाखला नाही. चार रात्रींनंतर तुमचा वाटा आठवड्यातून दोन डबे असू शकतो, मंडळीतल्या आणखी तीन घरांनी वाटून घेतले की आठवडा भरला.

ते आले, की पहिल्याच चहाला मुदत सांगा, हसून पण स्पष्ट: रविवार संध्याकाळपासून गुरुवार सकाळपर्यंत. पाण्याची वेळ, बाथरूमचा क्रम, मुलीच्या अभ्यासाचे तास हेही तेव्हाच. आत झोपणार कोण आणि हॉलमध्ये कोण हे ते यायच्या आधी घरात ठरवा. मुलीची झोपायची-अभ्यासाची जागा तिला न विचारता देऊ नका. सोसायटीच्या वॉचमनकडे दोघांची नोंद करा; आधारची प्रत मागायला संकोच वाटत असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं. रोख पैसे उसने देऊ नका. औषध आणायचं असेल तर मेडिकलमधून आणून बिल त्यांच्या हातात द्या. ती भेट समजा, उधारी नको.

सासूबाईंना समजावून सांगा: कॅन्सर संसर्गाने लागत नाही. एका ताटात जेवलं तरी नाही. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनमुळे माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत, त्यामुळे त्याच्याजवळ बसल्याने सासूबाईंना किंवा मुलीला काहीही होत नाही. धोका खरा आहे तो उलट दिशेने: उपचारांत त्यांची प्रतिकारशक्ती खाली जाते. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर त्या दिवसांत त्यांना आणू नका. पाणी उकळून गार केलेलं, अन्न ताजं, फ्रिजमधलं कालचं नको, कच्ची कोशिंबीर नको. ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी रुग्णालयाला फोन. केमो झाली असेल तर पुढचे दोन दिवस संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश करायचा, उलटीने भरलेली चादर हातमोजे घालून वेगळी धुवायची. नाकातून नळी घातलेली असू शकते, आवाज गेलेला असू शकतो. मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे ती दचकणार नाहीत. एक वही-पेन त्यांच्या उशाशी ठेवा.

जेवणाचं मात्र नीट ऐका, कारण पाहुण्यासाठी म्हणून आपण जे खास करतो ते त्यांना गिळताच येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आणि घसा सोलल्यासारखा होतो. रस्सा, लोणचं, लिंबू, टोमॅटो, गरम मसाला सगळं आगीसारखं लागतं. त्या डब्यात खिमट द्या: अर्धी वाटी जुना तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ कोरडीच मंद भाजायची, मिक्सरमध्ये रव्यासारखी काढायची, सहा वाट्या पाणी, चिमूटभर हळद, बेताचं मीठ, कुकरमध्ये मंद आचेवर चार-पाच शिट्ट्या. घोटून वर चमचाभर तूप. मिरची नाही, फोडणी नाही. कोमट झाल्यावरच डबा भरा; चटका बसला की ते दोन दिवस खाणं टाळतात. हे झालं त्यांचं. बायकोच्या डब्यात भाजी-भाकरी वेगळी द्या. नवऱ्याला गिळता येत नाही म्हणून तीही खिमटावर राहते, असं फार वेळा होतं.

लोकलने जाणार असतील तर दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना चढता येतं, रुग्णालयाचा कागद जवळ हवा. सकाळच्या गर्दीत जनरल डब्यात त्यांना चढवू नका.

मागच्या १८,००० बद्दल. ते परत येतील असं धरू नका, पण गप्पही बसू नका. त्याने सांगितलेलं नाव, फोन नंबर, तारखा, रक्कम हे सगळं एका कागदावर लिहून पाळकसाहेबांना द्या. ही चुगली नव्हे. तो आज दुसऱ्या मंडळीत बसून हाच सारफथचा अध्याय उघडत असेल. मंडळीच्या कमिटीने एक साधा नियम करावा: बाहेरचा सेवक आला तर त्याच्या मंडळीचं पत्र हवं आणि त्या पाळकांना फोन करून खात्री केलेली असावी. यात अपमान नाही. पौलाने फिबीसाठी असंच शिफारसपत्र लिहिलं होतं (रोम १६:१-२), योहानाने देमेत्रियासाठी (३ योहान १२). सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठांत प्रत्येक पाहुण्याचं स्वागत ख्रिस्तासारखं करायची आज्ञा होती, तरी तिथेही आधी एकत्र प्रार्थना आणि मगच गळाभेट, फसवणूक होऊ नये म्हणून. पाहुण्यांचं स्वयंपाकघरही वेगळं, म्हणजे कोणी अवेळी आलं तरी मठाची घडी विस्कटत नसे. पंडिता रमाबाईंचं बघा: १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, देव पुरवील या भरवशावर आणल्या, आणि त्याच रमाबाईंनी केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छापखाना उभा केला.

इतर वाचकांसाठी थोडं, कारण अशी पत्रं आणखीही आली आहेत. दाराशी आलेलं माणूस १८ वर्षांखालचं आणि एकटं असेल तर जेवू घाला, पण लगेच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. मूल परस्पर घरात ठेवून घेणं कायद्याने चालत नाही, २४ तासांच्या आत कळवावंच लागतं. मारहाणीतून निघून आलेली बाई असेल तर १८१. एकटे, वाट चुकलेले वृद्ध असतील तर १४५६७. परदेशी पाहुणा मुक्कामाला असेल, मग तो मिशनरी का असेना, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. आणि ज्यांच्या घरात खरोखरच जागा नाही त्यांनी उपासनेनंतर एकट्या उभ्या असलेल्या माणसाला जेवायला न्यावं. मुक्काम नाही, फक्त दुपारचं जेवण. दोन तासांचा प्रश्न असतो.

ताई, मिस्टरांशी बोलताना वचनं काढू नका. मागच्या वेळी त्यांच्या घरात त्यांना न विचारता माणूस आला, आणि पैसे गेले तेही बहुतेक त्यांच्याच पगारातले. आधी तेवढं मान्य करा. मग आकडे सांगा: चार रात्री, रोख काही नाही, दोघं नवरा-बायको, पाळकसाहेबांची ओळख. त्यांना तरीही नको असेल तर या वेळी फक्त डबे द्या, मुक्काम दुसऱ्या घरी होऊ द्या. नवऱ्याचं मन मोडून केलेला पाहुणचार पाहुण्याला पहिल्या जेवणातच कळतो.

पाळकसाहेबांना असं लिहिता येईल:

“पाळकसाहेब, सलाम. आम्ही घरात बोललो. त्या दोघांना रविवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ, चार रात्री आमच्याकडे ठेवू शकतो. त्यापुढे जागा नाही, मुलीची बारावी आहे. धर्मशाळेसाठी त्यांची फाइल आणि आधार आजच मागवून घ्याल का? गुरुवारनंतर मंगळवार आणि शुक्रवारचा डबा आमचा. बाकीच्या दिवसांसाठी महिला मंडळात विचारते. पैशाची मदत आमच्याकडून होणार नाही, ती मंडळीच्या निधीतून व्हावी. आणि मागच्या वर्षी आलेल्या त्या भावाबद्दल एक कागद लिहून आणते, तो कमिटीपुढे ठेवा.”

पाठवण्याआधी हे मिस्टरांना वाचून दाखवा. बटण त्यांनीच दाबलं तर आणखी बरं.